चतुर्थीच्या सकाळचा पुरवठा

कळंबोली,
१३ जुलै २०२५

चि. ऋता,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. देताना पोस्टमन दारात जरा घुटमळला. या इमारतीत बँकेच्या नोटिसांशिवाय काही येतं, यावर त्याचा विश्वास बसेना.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तुमच्या सरांनी मोठा चमत्कारिक गृहपाठ दिलेला दिसतो. अर्थशास्त्र कधीही न शिकलेल्या घरच्या एका माणसाला पत्रातून एकेक संकल्पना समजावायची, आणि त्याचं उत्तर वर्गात वाचून दाखवायचं. साऱ्या कुळातून तू माझी निवड केलीस. आजवर माझ्या ज्ञानाचे दोन-तीन सत्कार झाले. अज्ञानाचा हा पहिलाच.

तुझी व्याख्या वाचली. माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित. आमच्याकडे हे कळल्यावर लोक संन्यास घेत. तुमच्याकडे पदवी घेतात. बाकी व्याख्या चांगली आहे. फक्त प्रत्येक नियमाच्या शेपटाला 'इतर परिस्थिती कायम असता' हे जे लावता, ते मला पचलं नाही. पुण्यात असेल कायम. इथे आपल्या सेक्टरचा रस्ता सोमवारी होता तसा गुरुवारी नसतो.

मी फोन का घेत नाही म्हणून रागावली आहेस. अगं, चातुर्मास लागला. मी मौन धरलं आहे. यजमानांपुरतं बोलतो, तेही हळू. तुझी मामी म्हणते, इतक्या वर्षांच्या उपासतापासांत देवाने पहिल्यांदाच काही ऐकलं.

आता मला एक शंका विचारू दे. ओळखीचे एक गुरुजी आहेत. उन्हाळ्यात तळोज्याच्या नव्या टॉवरांत वास्तुशांतींचा सपाटा लावला आणि घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं आहे की जपा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. गणेश चतुर्थी तोंडावर आली. मूर्तीची प्रतिष्ठापना सगळ्यांना एकाच सकाळी हवी, आणि सगळ्यांना हेच गुरुजी हवेत. घसा पुरणार फार तर चार-पाच घरांना. कुणाकडे जावं आणि कुणाला नाही म्हणावं? धर्मशास्त्रात मला उत्तर मिळालं नाही. तुझ्या शास्त्रात असेल तर कळव. माणूस खरोखर अडला आहे.

मामीचे आशीर्वाद. ती फोन करेलच. तिचं मौन नाही.

तुझा
अभिराममामा


पुणे,
२१ जुलै २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र वर्गात वाचलं. 'संन्यास' आणि 'पदवी' वर सर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. बाकीच्यांच्या काकांनी 'छान अभ्यास कर' एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे मी सध्या फेमस आहे.

तुझी शंका एकदम भारी आहे. आणि ते गुरुजी कोण हे मला कळलं नाही असं समजू नकोस. सेक्टर दहाचे लेलेगुरुजी, बरोबर? स्पीकरवर पूजा सांगतात ते. तू त्यांच्याबद्दल 'माणूस अडला आहे' असं इतकं कळवळून लिहिलंस, म्हणजे मनातून गुदगुल्या होत असणार.

तर ऐक. सकाळ एक, घसा एक, घरं खूप. याला आम्ही टंचाई म्हणतो. एका घरी गेलं की दुसरं घर सुटतं, हा झाला संधी खर्च. म्हणजे पहिल्या घराची खरी किंमत त्या घराने दिलेल्या दक्षिणेत नाही, सुटलेल्या घरात आहे. हे मला स्वतःला इतकं आवडलं की मी मेसमध्ये दोन भाज्यांपुढे उभी राहून संधी खर्चाचा विचार करत होते, तेवढ्यात दोन्ही संपल्या.

आता उपाय. लेलेगुरुजी दक्षिणा 'यथाशक्ती' घेतात ना? तिथेच घोळ आहे. भाव नसला की मागणीला लगामच नाही, सगळेच रांगेत. त्यांना सांग, सकाळच्या वेळेची दक्षिणा ठरवून टाका आणि ती चांगली चढी ठेवा. ज्यांना सकाळच हवी ते देतील, ज्यांना चालेल ते दुपारी बसवतील किंवा दुसरं कुणी बघतील. कुणाला नाही म्हणायची गरजच नाही, भावच ते काम करतो. भांडण नाही, टेन्शन नाही.

सांगशील ना त्यांना? आणि मौनातून एक दिवस सुट्टी घे, मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझी
ऋता


कळंबोली,
२ ऑगस्ट २०२५

चि. ऋता,

तुझा उपाय त्या गुरुजींनी केला. परिणाम कळवणं हे विद्यार्थिनीच्या मामाचं कर्तव्य, म्हणून लिहितो.

व्हॉट्सॲपवर निवेदन गेलं. चतुर्थीच्या सकाळची दक्षिणा ठरलेली, दुपारची निम्मी, आधी कळवणाऱ्यास प्राधान्य. भाषा मात्र शुद्ध ठेवली होती. 'स्लॉट' हा शब्द कुठे येऊ दिला नाही. एका तासात लोखंड बाजारातल्या दोन शेठजींनी सकाळ धरली. मग तळोज्याच्या टॉवरमधल्या एका डॉक्टरीणबाईंनी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सकाळ भरली. कुणी भांडलं नाही, कुणी घासाघीस केली नाही. तुझा मागणीचा नियम खणखणीत आहे. असं नाणं मी बऱ्याच दिवसांत वाजवून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गावठाणातल्या सरस्वतीबाई आल्या. त्यांच्या गल्लीतल्या कुणीही निवेदनाला उत्तर दिलं नव्हतं. द्यायला पैसे नाहीत अशातला भाग नाही. शेतं गेली आणि त्यावर ही कॉलनी उभी राहिली, पण आता त्यांच्या दोन चाळी भाड्याने आहेत आणि मुलाचे, गोटीरामचे, ट्रक आहेत. बाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. मामीने चहा पुढे केला, तो घेतला नाही. सगळ्या घराची खुशाली विचारली, तुझीही विचारली. मग म्हणाल्या,

"गुरुजी, पैशांचा काय नाय. तुमी सांगाल तं दुप्पट देव. पन आमी तुमचे घरचे व्हतो. आता गिराईक झालो."

एवढं बोलून उठल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता. लिफ्ट चालू असून बाई जिन्याने गेल्या.

ही कॉलनी नवी होती, फ्लॅट रिकामे होते आणि पौरोहित्याची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा पहिली पूजा त्या गल्लीने दिली होती. त्या दिवशी दक्षिणेबरोबर तांदळाची गोणीही दिली, कारण घरी चूल पेटते की नाही याची त्यांना शंका होती. शंका रास्त होती.

तर भावाने आपलं काम चोख केलं. ज्यांना नाही म्हणायची छाती नव्हती, त्यांना त्याने परस्पर नाही म्हटलं. यावर तुझ्या पुस्तकात पुढचा धडा असेल तर लवकर वाच.

अ. मामा


पुणे,
७ ऑगस्ट २०२५

मामा,

सरस्वतीबाई लेलेगुरुजींच्या घरी कशाला जातील? आणि लेलेगुरुजींकडे चहा मामी का पुढे करेल?

मी पत्र हातात घेऊनच मामीला फोन लावला. आधी ती म्हणाली, 'तुझ्या मामाने शपथ घातलीय.' मग रडली आणि सगळं सांगितलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत. डॉक्टर दिवाळीपर्यंत मंत्र बंद म्हणाले आहेत, 'कमी' नाही, बंद. मला मात्र तू चार-पाच घरं लिहिलीस. गाठी बसल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा येईल याची खात्री नाही. आणि हे मौन चातुर्मासाचं नाहीच.

तू मला उदाहरण म्हणून विचारलंस आणि मी उदाहरण म्हणून उत्तर दिलं. हसत हसत. खरं सांगितलं असतंस तर मी असं लिहिलं असतं का?

राग संपला. आता ऐक.

मी सरांकडे गेले. रडत गेले, हे मामीला सांगू नकोस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मागणीचं तू सगळं बघितलंस, पुरवठा इतका कमी का आहे हे बघितलंस का? मी म्हटलं, कारण मामा एकटाच आहे. ते म्हणाले, एकटाच का आहे?

मी रात्रभर तुझी पत्रं काढून वाचली. सकाळी सरस्वतीबाईंच्या उन्नतीच्या लग्नाची आठवण झाली. मी सातवीत असताना तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हाचं. आजीनेच नातीचं लग्न लावलं होतं, आठवतंय? तू शेवटी मंगलाष्टकं म्हटलीस, पण त्याआधी दोन दिवस सगळं सरस्वतीबाईंनीच केलं, धवले, म्हणजे ती लग्नाची लांबच लांब गाणी, गात गात. हळद लागण्यापासून देव बसण्यापर्यंत कुणी काय करायचं हे त्या सांगत होत्या आणि गोटीरामदादा मुकाट करत होते. मी तुला विचारलंही होतं, या कोण. तू म्हणालास, धवलारीण, यांच्यात लग्न बाईच लावते.

मग गणपती का नाही? अख्ख्या गावाची लग्नं लावणाऱ्या बाईला आपण 'पुरवठ्यात' धरलंच नाही. मी नाही धरलं आणि तूही नाही. त्यांनाही कधी वाटलं नाही. ही टंचाई देवाने केलेली नाही मामा. आम्ही याला मक्तेदारी म्हणतो, आणि पुस्तकात लिहिलंय की मक्तेदाराला ती कधी दिसत नाही.

अजून वीस दिवस आहेत. शिकव त्यांना. तू एका वेळी एकाच घरात बसू शकतोस. शिकवलेल्या बायका आपापल्या घरात बसतील.

आणि शिकवतानाही बोलायचं नाही. कसं ते तू बघ, तू हुशार आहेस.

ऋता


कळंबोली,
१७ ऑगस्ट २०२५

चि. ऋता,

मला मक्तेदार म्हणणारी तू घरातली पहिलीच. तुझ्या मामीला आवडला शब्द. सकाळपासून दोनदा वापरला.

तुझं पत्र वाचून मी कपाटातून सगळे ग्रंथ काढले आणि चष्मा पुसून बसलो. खोटं कशाला सांगू, मी नकार शोधत होतो. दोन दिवस शोधला. मिळेना. उलट जे मी रोज सांगतो तेच पुन्हा वाचावं लागलं, की पूजा यजमानाची असते. आम्ही नुसते सांगणारे. तीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आलो आहे आणि त्याचा अर्थ आपल्याला लागू आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग शेठजींना आणि डॉक्टरीणबाईंना कळवलं की निवेदन मागे घेतलं, यंदा मी कुठेच पूजा सांगणार नाही, घसा आजारी आहे. लिहायला बसलो तर अगदी लहान वाक्य निघालं. महिनाभर ते टाळण्यासाठी मी तुला किती लांब पत्रं लिहिली. एक शेठजी रागावले आणि लेलेगुरुजींकडे गेले. दुसरे दूध-हळद घेऊन आले.

त्यानंतर गावठाणात गेलो. पांढरा फळा काखेत होता. मामी बरोबर होती, बोलण्यासाठी. सरस्वतीबाई ओटीवर सुपारी कातरत होत्या. मी फळ्यावर लिहिलं, 'माझं चुकलं'. बाईंना वाचता येत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी सुनेला, वैशालीला, हाक मारली. तिने ते मोठ्याने वाचलं, आणि तोवर शेजारच्या तीन ओट्यांवर बायका आल्या होत्या. माफी मागायचीच असेल तर अशी मागावी. पुन्हा नाकारता येत नाही.

मामीने घशाचं सांगितलं. बाईंनी सुपारी बाजूला ठेवली. म्हणाल्या,

"आदी सांगायचा व्हता ना. आमी काय तुमचा आवाज खानार व्हतो?"

मग तुझा प्रस्ताव ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. लग्न वेगळं, ते आईने शिकवलं. गणपतीला संस्कृत लागतं, आम्हाला कुठलं येतंय. मी लिहिलं, 'तुमचे सगळे धवले पाठ आहेत. किती आहेत?' त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, ते कुणी मोजतं काय, रात्र संपते, ते संपत नाहीत.

तेव्हा वर्ग सुरू झाला. रोज दुपारी, त्यांच्या ओटीवर. मी फळ्यावर एक ओळ लिहितो, वैशाली वाचते, बाकीच्या म्हणतात. सरस्वतीबाई नुसतं ऐकून दुसऱ्या खेपेला पाठ म्हणतात. चूक झाली की मी बोट वर करतो. पहिल्या दिवशी माझं बोट सारखं वरच होतं. 'गनपतये' ला केलं, तर बाई म्हणाल्या, "माजा गनपती माजा आयकतो, तुमी हात खाली घ्या, दुखंल." मी देवाकडे पाहिलं. त्याची हरकत दिसली नाही. हात खाली घेतला.

आता सात बायका येतात. परवा गोटीराम दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आईला शिकवलाव, आता ती घरात कोनाचा आयकायची नाय." मी फळ्यावर लिहिलं, 'आधी कुणाचं ऐकत होती?'

अजून एक भीती आहे ती सांगतो. प्राणप्रतिष्ठेचा भाग लांब आहे आणि तिथे बाई अडखळतात. सगळी गल्ली समोर बसलेली असेल. त्या अडल्या तर माझ्या तोंडून मंत्र निघेल, ऋता. सवय फार जुनी आहे. डॉक्टरांनी मान हलवून सांगितलं आहे की एका सकाळचा जोर लावलात तरी आजवरची विश्रांती वाया जाईल.

मामा


पुणे,
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

पत्र वाचताना तुझा आवाज ऐकू येत होता. जुना, मोठा.

मला चतुर्थीला येता येणार नाही, त्याच दिवशी अंतर्गत परीक्षा आहे. पण मी मामीला सांगून ठेवलंय, तुझ्याशेजारी बसायचं आणि तू तोंड उघडलंस की मोदक घालायचा. नैवेद्याआधी चालत नाही म्हणालास तरी.

आणि एक विचार कर. घशाचं सोड. त्या अडल्या आणि तू म्हणून दिलंस, तर पुढच्या वर्षी गल्ली पुन्हा तुझीच वाट बघत बसेल. पुरवठा पुन्हा एकावर येईल. त्या अडल्या आणि त्यांनीच वाट काढली, तर मात्र नाही.

मला खूप भीती वाटतेय, परीक्षेची नाही.

ऋता


कळंबोली,
३१ ऑगस्ट २०२५

चि. ऋता,

सकाळपासून गावठाणात गौरी आणायची धांदल आहे. मी ओटीवर बसून लिहितो आहे. तू मामीकडून फोनवर निम्मी हकिगत ऐकली आहेस, पण तिने फक्त जेवणाची सांगितली असणार.

गल्लीतल्या सात घरी सात बायकांनी एकाच वेळी पूजा सांगायला घेतली. नवरे आणि मुलगे पाटावर, बायका शेजारी, पोथीऐवजी मांडीवर वह्या. सकाळच्या एकाच सुमारास सगळ्या घरांतून तेच शब्द येत होते, थोडे मागेपुढे. गल्लीच्या मधोमध उभं राहिलं की एखाद्या मोठ्या पाठशाळेत आल्यासारखं वाटे. असं ऐकणं मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. मी नेहमी एकाच घरात असे आणि बाकीची घरं माझी वाट बघत असत.

मग सरस्वतीबाईंकडे जाऊन बसलो. गोटीराम सोवळं नेसून, दूर्वा हातात धरून, परीक्षेला बसल्यासारखा. बाईंच्या मांडीवर वही नव्हती. सुरुवातीचं सगळं सुरेख झालं. प्राणप्रतिष्ठा आली, बाईंनी मूर्तीच्या हृदयाला हात लावला, तीन ओळी झाल्या आणि बाई थांबल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वैशालीने, गोटीरामने, दाराबाहेरच्या म्हाताऱ्यांनी. पुढची ओळ माझ्या घशापर्यंत आली होती. आणि मला कळलं, आवाज आहे. जागेवर आहे. दोन महिन्यांनी मला तो आतून जाणवला, न्हाऊन बसलेल्या माणसासारखा. म्हटलं असतं तर स्वच्छ निघाला असता. मामीने मोदकासाठी हात पुढे केला होता, पण त्याची गरज पडली नाही. मी खाली जमिनीकडे बघत राहिलो.

सरस्वतीबाईंनी डोळे मिटले आणि धवला सुरू केला. लग्नात मांडवात गणपतीला बोलावतात तो. आधी हळू, मग दारातल्या दोघी-तिघींनी उचलला. प्राणप्रतिष्ठेच्या मधोमध, हात मूर्तीच्या छातीवर तसाच ठेवून, त्या गात होत्या. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याच्या शेवटी न थांबता बाई सरळ चौथ्या ओळीवर आल्या. संस्कृत, जसंच्या तसं. गोटीरामने दूर्वा वाहिल्या.

प्राणप्रतिष्ठेत धवला कुठल्या पोथीत सांगितला आहे, असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, यंदापासून आमच्या.

दूध-हळदवाल्या शेठजींनी कागदावरून स्वतःच पूजा केली. सोळातले पंधरा उपचार झाले, एक राहून गेला. विसर्जनाच्या आधी उरकतो म्हणाले. डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे की नवरात्राआधी टॉवरच्या हॉलमध्ये फळा घेऊन याल का. मी सरस्वतीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, लिफ्ट असेल तर मी पण येते.

शुक्रवारी वाशीला डॉक्टरांकडे गेलो. सूज उतरली आहे, गाठी लहान झाल्या आहेत. असंच राहिलं तर ऑपरेशन लागणार नाही. दिवाळीपर्यंत मात्र मौन कायम. मी मान हलवली. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं.

वर्गात हे पत्र वाचणार असशील तर सरांना माझा नमस्कार सांग, आणि एक शंका विचार. एखाद्या वस्तूचा पुरवठा वाढला की तिची किंमत उतरते, असं तुमचं शास्त्र म्हणतं. त्या सकाळी गल्लीत माझी किंमत शून्यावर आली होती. कुणाला माझी गरज नव्हती. मग जेवायला पहिलं पान माझं का मांडलं गेलं? मला उत्तराची घाई नाही.

त्या संध्याकाळच्या आरतीला घसा वापरता येत नाही म्हणून पोरींनी माझ्या हातात झांज दिली. दुसऱ्या कडव्याला उन्नतीची मुलगी माझं मनगट धरून म्हणाली, "आजोबा, तुमी लवकर वाजवताव." ती साडेतीन वर्षांची आहे. मी तिच्या बाजूला सरकून बसलो, आणि ती वाजवेल तेव्हाच वाजवू लागलो.

अ. मामा